मांजरं गंगेपलीकडे सोडू नका

पंचवटीतल्या एका जुन्या वाड्यातून पत्र आलंय. खाली सही आहे 'हैराण सून'. घरात एक बोका, एक भाटी आणि तिची पाच आठवड्यांची तीन पिल्लं. गणपतीनंतर सगळं घर दहा दिवस लग्नासाठी धुळ्याला गेलं होतं. मांजरांना शेजारच्या काकू ओट्यावर खायला घालत होत्या, घर बंद होतं. परत येऊन कुलूप उघडलं, माजघरात पाय टाकला आणि पाच मिनिटांत सगळ्यांच्या घोट्यांवर पिसवा चढल्या. चार वर्षांच्या मुलीच्या पायावर गांधी उठल्यात, रात्रभर खाजवते. डांबर गोळ्या, कापूर, फिनाईल सगळं करून झालं. पिंपळगावच्या दिरांनी द्राक्षबागेच्या फवारणीची बाटली आणून ठेवलीय. सासूबाई म्हणतात, पोत्यात घाला आणि गंगेपलीकडे, म्हणजे आपल्या गोदावरीपलीकडे, सोडून या, नाहीतर घरात प्लेग येईल. पत्राच्या शेवटी विचारलंय, "ताई, मांजरं ठेवू की लेकरू सांभाळू?"

ताई, दोन्ही सांभाळता येतं. वेळ लागेल, साधारण तीन महिने. पण आज, हे वाचून झाल्या झाल्या, आधी दोन गोष्टी करा.

पहिली म्हणजे दिरांची ती बाटली घराबाहेर काढा. तिच्यावर चौकटीत रंगीत त्रिकोण छापलेला असेल. लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा. तो विषाची तीव्रता सांगतो, आणि हिरवा असला तरी ते औषध उघड्यावरच्या बागेसाठी आहे. फवारणारा माणूस तोंड बांधून जातो, फवारल्यावर बागेत काही दिवस कुणाला फिरकू देत नाहीत. तुमची मुलगी त्याच फरशीवर बसून खेळणार, मांजर त्याच फरशीवर लोळून अंग चाटणार. दिरांना माझा नमस्कार सांगा, त्यांनी काळजीपोटीच आणलीय, पण बाटली शेडमध्ये परत जाऊ द्या.

दुसरी, तिन्ही पिल्लांचे ओठ वर करून हिरड्या बघा. गुलाबी असतील तर ठीक. पांढुरक्या दिसल्या, पिल्लू दूध ओढत नसेल, हाताला गार लागत असेल, तर आजच जनावरांच्या डॉक्टरांकडे जा. एवढ्याशा जिवाच्या अंगात रक्त असतं किती? अंगावर पिसवा फार झाल्या तर त्याचं रक्त जिवावर बेतेल इतकं कमी होऊ शकतं. पिसवांनी मोठं मांजर सहसा मरत नाही, पिल्लं मात्र खरोखर मरतात.

आता तुमच्या मूळ गोष्टीकडे येते. दहा दिवस घर बंद होतं, मांजरं बाहेर होती, तरी घरात इतक्या पिसवा आल्या कुठून, हे कोडं तुम्हाला पडलंय. त्याच्या उत्तरातच सगळा उपाय आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मांजराच्या अंगावर ज्या उड्या मारताना दिसतात त्या मोठ्या झालेल्या पिसवा. घरात समजा शंभर जीव असतील, तर त्यातले जेमतेम पाच अंगावर असतात. उरलेले पंचाण्णव अंडी, अळ्या आणि कोश या रूपात तुमच्या घरात असतात. मादी रक्त प्यायली की एक-दोन दिवसांत अंडी घालायला लागते, आणि मग रोज ४०-५० अंडी. ही अंडी उवांच्या लिखांसारखी केसाला चिकटत नाहीत. गुळगुळीत असतात, मांजर जिथे झोपतं, अंग झाडतं, उडी मारतं तिथे मिठाच्या दाण्यांसारखी गळून पडतात. गोधडीत, गादीच्या शिवणीत, फरशीच्या सांध्यात. दोन ते दहा दिवसांत त्यातून अळी निघते. ती उजेडाला घाबरते, खाली खाली शिरते आणि मोठ्या पिसवांनी टाकलेल्या विष्ठेवर, म्हणजे वाळलेल्या रक्तावर जगते. मग ती स्वतःभोवती चिकट कोश विणते. त्याला धूळ चिकटते आणि तो केरातलाच एक कण दिसायला लागतो.

या कोशातली पिसू घाई करत नाही. बाहेर कुणी आहे का, याची वाट बघत ती आठवडेच काय, काही महिनेही आत बसून राहते. पावलांचा हादरा, अंगाची ऊब, श्वासातला कार्बन डायऑक्साइड जाणवला की काही क्षणांत बाहेर. दहा दिवस तुमचं माजघर शांत होतं. आतल्या आत कोश तयार होत राहिले, बाहेर कुणीच आलं नाही. तुम्ही बॅगा टेकवल्या, पाच-सहा माणसांची पावलं वाजली, आणि सगळ्या एकदम निघाल्या. मांजर समोर नव्हतं, म्हणून तुमचे घोटे.

म्हणूनच सासूबाईंचा उपाय उलटा पडेल. मांजरं सोडून आलात तरी पंचाण्णव टक्के पिसवा घरातच राहणार, आणि त्यांना चावायला आता फक्त माणसं उरणार. सध्या मांजरं आहेत म्हणून बराचसा मारा त्यांच्यावर आहे. औषध लावलेलं मांजर घरात फिरलं तर तेच पिसवांचा सापळा होतं. अंगावर चढलेली पिसू मरते, अंडी घालायला उरत नाही. शिवाय पाळलेलं जनावर उपाशी मरेल असं कुठेतरी टाकून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, अंगावर पिणारी तीन पिल्लं घेऊन ती भाटी परक्या घाटावर कुत्र्यांमध्ये काय करणार?

सासूबाईंशी वाद मात्र घालू नका. त्यांची भीती हवेतून आलेली नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, मग आपल्या सगळ्या मुलखात पसरला, लोक घरं सोडून माळावर झोपड्यांत राहिले. घरात उंदीर पडला की गाव सोडायचं, हे तीन-चार पिढ्या सांगत आल्यात. पिसवांमुळे प्लेग पसरतो हे त्यांचं म्हणणंही खरंच आहे. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी ते कराचीत दाखवून दिलं. फक्त ती मुख्यतः उंदरांवरची पिसू, आणि उंदरांत प्लेग असेल तर. मांजरावरची पिसू वेगळ्या जातीची आहे आणि प्लेग पसरवण्यात ती फारशी कामाची नाही. हे त्यांना शांतपणे, चहा घेताना सांगा. आणि एक जोडून सांगा, वाड्यातले उंदीर कमी कुणामुळे आहेत ते.

पिसवांचा दुसरा त्रास मात्र खरा आहे. मांजर अंग चाटताना पिसू गिळतं आणि तिच्यातून पट्टकृमी पोटात जातात. शेपटीखाली किंवा अंथरुणावर भाताच्या शितासारखे, कधी हलणारे तुकडे दिसले तर ते तेच. लहान मुलाच्या तोंडात चुकून पिसू गेली तर त्यालाही होऊ शकतात. म्हणून डॉक्टरांकडे जाल तेव्हा जंताच्या औषधाचंही विचारा. मुलीच्या गांधींवर गार पाण्याची पट्टी, कॅलामाइन लोशन, आणि नखं आजच कापा. खाजवून पू झाला, किंवा घरात कुणालाही ताप, डोकेदुखी, अंगावर पुरळ असं एकत्र आलं, तर डॉक्टरांना पिसवा चावल्याचं आवर्जून सांगा. ते आपण सांगितलं नाही तर त्यांना कळणार कसं.

आता मांजरांच्या अंगाचं बघू, आणि इथे मला माझीच एक गोष्ट सांगितली पाहिजे.

बारा वर्षांपूर्वी आमच्या सोनीच्या अंगावर पिसवा झाल्या. मी दुकानात गेले, पिसवांचं औषध मागितलं. दुकानदाराने कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या थेंबांची नळी दिली आणि म्हणाला, मांजराला अर्धी टाका. मी विश्वास ठेवला. दुपारी टाकली. संध्याकाळी तिचे कान फडफडायला लागले, मग मिशा, मग सगळं अंग. तोंडातून लाळ. रात्री नऊला ती पाटावर आडवी पडून थडथड उडत होती आणि डोळे सताड उघडे. डॉक्टरांनी फोनवरच सांगितलं, कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणाने मान धुवा आणि तशीच टॉवेलात गुंडाळून घेऊन या. दोन दिवस सलाइनवर होती. वाचली. त्या नळीवर बारीक अक्षरात पर्मेथ्रिन लिहिलं होतं. कुत्र्याचं शरीर ते पचवतं. मांजराच्या यकृतात ते फोडून बाहेर टाकायची ताकदच तोकडी असते, त्यामुळे अर्धी काय नि पाव काय, मांजराला ते विषच. तेव्हापासून मी भेटेल त्याला सांगते आणि तुम्हालाही हात जोडून सांगते: कुत्र्यासाठीचं कुठलंही थेंब, पावडर, पट्टा, गोचिडांचं धुवायचं औषध मांजराच्या जवळ आणू नका. पर्मेथ्रिन आणि अमिट्राझ ही दोन नावं कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा.

तुम्ही केलेले घरचे उपायही याच कारणाने थांबवा. फिनाईलने पुसलेल्या फरशीवरून मांजर चालतं आणि पंजे चाटतं. डांबर गोळ्या आणि कापूर, दोन्ही मांजराला विषारी. डांबर गोळ्या तर लहान मुलांच्याही हाताला लागू नयेत. निलगिरीचं तेल, टी ट्री ऑइल, कडुनिंबाचं तेल अंगाला चोळू नका. लसूण खाऊ घाला असं कुणी सांगेल, त्याने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. पिसवांनी आधीच रक्त कमी केलंय, त्यात ही भर कशाला.

बोका आणि भाटी दोघांना पिशवीत किंवा टोपलीत घालून डॉक्टरांकडे न्या, वजन करून घ्या. मांजरासाठीचे मानेवर टाकायचे थेंब मिळतात, त्यात फिप्रोनिल किंवा सेलामेक्टिन असतं. भाटी पाजती आहे हे आधी सांगा, त्यावरून डॉक्टर औषध ठरवतील. थेंब टाकताना केस बाजूला करून कातडीवर, डोक्याच्या अगदी मागे, जिथे तिची जीभ पोचत नाही तिथे. वाळेपर्यंत दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवा, नाहीतर एकमेकांना चाटतील. पिल्लांनाही तेवढा वेळ आईपासून दूर, उबेत ठेवा. आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस अंघोळ नाही. आणि दोघांना एकाच दिवशी; एकाला आज, एकाला पुढच्या रविवारी असं केलं तर काही उपयोग नाही. महिन्याने पुन्हा, त्यानंतरच्या महिन्यात पुन्हा. कॅलेंडरवर दोन्ही तारखांना गोल करून ठेवा.

पिल्लं पाच आठवड्यांची आहेत, म्हणून हे थेंब त्यांना घरच्या घरी टाकू नका. फिप्रोनिलसारखी औषधं आठ आठवड्यांच्या आत देत नाहीत. त्यांच्यासाठी उवांची फणी, तीच बारीक दातांची, मुलींच्या केसांना वापरतो ती. नवी आणा. शेजारी वाडग्यात पाणी आणि त्यात दोन थेंब भांड्याचा साबण. मांडीवर पांढरं फडकं टाका, पिल्लू घ्या, मानेपासून सुरू करा, मग पाठ, शेपटीच्या मुळाशी, पोटाखाली. फणीत अडकलेली पिसू नखाने चिरडायला जाल तर निसटेल, फणीच पाण्यात बुडवा. साध्या पाण्यावर पिसू तरंगते आणि उडून जाते, साबणाच्या पाण्यात तळाशी जाते. फडक्यावर काळी भुकटी पडेल, मिरपुडीसारखी. ओल्या कापसावर चिमूटभर घ्या आणि एक मिनिट थांबा. भुकटीभोवती तांबूस डाग पसरला तर ते रक्त आहे, तुमच्या पिल्लाचं. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हात थांबला होता माझा. सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं प्रत्येक पिल्लाला द्या. सासूबाईंना शेजारी बसवून घ्या, वाडगं त्यांच्या हातात द्या. मोजायला लागल्या की त्या तुमच्या बाजूला आल्याच समजा.

पिसवा फारच असतील तर डॉक्टरांना विचारून पिल्लांना कोमट पाण्याने धुता येतं. आधी मानेभोवती फेसाचं कडं करायचं, नाहीतर पाणी लागताच सगळ्या पिसवा डोक्याकडे, डोळ्यांकडे पळतात. धुतल्यावर लगेच कोरडं करून उबेत, गारठा लागता कामा नये.

आता घर. तुमच्या वाड्यात शहाबादी फरशी आहे, सांधे जागोजागी उघडे आणि वर लाकडी तुळया, असं तुम्ही लिहिलंय. पावसाळ्यातली दमट हवा अळ्यांना मानवते. आपल्याकडे जूनपासून दिवाळीपर्यंत त्यांची चैन असते. हवा कोरडी झाली की अळ्या वाळून मरतात, एप्रिल-मेमध्ये पिसवा कमी दिसतात त्या याचमुळे. थंडीवर मात्र विसंबू नका. नाशिकचा पारा कितीही खाली गेला तरी घरात, गोधडीत, मांजराच्या कुशीत ऊब असतेच.

मांजरं झोपतात त्या गोधड्या, वाकळी, तुमच्या चादरी, उशांचे अभ्रे आठवड्यातून एकदा आधणाच्या पाण्यात भिजवून धुवा आणि कडक उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवा. धुवायला नेताना गोधडी झटकू नका. अंडी सगळीकडे उडतात. कोपऱ्यांतून धरून गुंडाळा आणि तशीच पिंपात टाका. फाटकी, कापूस निघालेली जी एक गोधडी प्रत्येक घरात असते ती या निमित्ताने टाकून द्या. मांजरांना झोपायला एकच जागा करा, त्यावर जुनी सुती साडी घाला, ती धुवायला सोपी.

केर रोज. व्हॅक्यूम कुणाकडून मिळाला तर पहिले दोन आठवडे रोज फिरवा; त्याच्या थरथरीने कोशातल्या पिसवा बाहेर निघतात, आणि निघाल्या म्हणजे मारता येतात. आतली पिशवी लगेच बांधून बाहेर टाका. नसेल मिळत तर केरसुणीने सांधे कोरून काढा, केर घराबाहेर नेऊन बंद पिशवीत टाका, सुपलीत ठेवू नका. मग सांध्यांमधून उकळतं पाणी ओता, मुलीला आणि मांजरांना ओट्यावर बसवून. पलंगाखाली, सोफ्याच्या गादीखाली, जिन्याखाली, देवघराच्या मागे, जिथे उजेड आणि पावलं पोचत नाहीत तिथेच अळ्या असतात. खोलीच्या मधोमध घासत बसण्यात अर्थ नाही.

पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवायचं ठरलं तर फोनवरच सांगा की घरात मांजरं, पिल्लं आणि लहान मूल आहे. नुसतं मारणारं औषध नको, अंडी-अळ्यांची वाढ थांबवणारं हवं, असं म्हणा. पायरीप्रॉक्सीफेन किंवा मेथोप्रीन ही नावं विचारा. तो 'सगळं सेफ आहे हो' म्हणाला आणि औषधाचं नाव सांगेना, तर दुसरा बघा. फरशी पूर्ण वाळेपर्यंत आणि वास जाईपर्यंत मांजरं आणि मुलगी शेजारच्या काकूंकडे. कोशातल्या पिसवांना कुठलंच औषध नीट पोचत नाही, हे लक्षात ठेवा.

कारण तिथेच लोकांचा धीर सुटतो. थेंब टाकले, घर धुतलं, पंधरा दिवस बरे गेले आणि तिसऱ्या आठवड्यात पुन्हा घोट्यावर पिसू. मग औषध बोगस, डॉक्टर बोगस, मांजरं बाहेर. औषध बोगस नसतं, जुने कोश फुटत असतात. त्या नव्या पिसवा मांजराच्या अंगावर चढतील आणि अंडी घालण्याआधी मरतील, पण दुसऱ्या महिन्याचा थेंब वेळेवर पडला असेल तरच. दिवाळीच्या गडबडीत नेमकी ती तारीख येतेय बघा, म्हणून फराळाच्या यादीतच लिहून ठेवा.

बोका बाहेर फिरतो, रोज नव्या पिसवा आणतो, ही तुमची शंका बरोबर आहे. त्याची नसबंदी करून घेतलीत तर त्याचं भटकणं आणि मारामाऱ्या बऱ्याच कमी होतील. पिल्लं दूध सुटल्यावर भाटीचीही करून घ्या. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी चौकशी करा.

कमी होतायत की नाही हे कळायला एक सोपी युक्ती आहे. रात्री माजघरात जमिनीवर पसरट ताटलीत साबणाचं पाणी ठेवा, वर वीतभर अंतरावर छोटा दिवा, बाकी अंधार. उजेडाला आणि उबेला पिसवा उड्या मारतात, सकाळी ताटलीत मोजा. त्याने पिसवा संपणार नाहीत, फक्त अंदाज येईल. दिवसा पांढरे मोजे गुडघ्यापर्यंत ओढून घरभर दहा मिनिटं फिरा, काळे ठिपके लगेच दिसतात. दर रविवारी आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. पहिल्या रविवारी तीस असतील, दुसऱ्या रविवारी कदाचित चाळीस, घाबरू नका. ओळीने चार रविवार मोजे कोरे निघाले तरी तिसऱ्या महिन्याचा थेंब टाका, आणि तोवर पिल्लं आठ आठवड्यांच्या पुढे गेलेली असतील, तेव्हा त्यांनाही वजन करायला घेऊन जा.